शास्त्रीय चर्चा : परत फिरलेला अंश

ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात, त्या घरांतील एखाद्या कपाटाच्या खणांत पुष्कळदां एक लहानशी डबी पडून असते. डबींत श्रवणयंत्र असतें. घरच्या मंडळींनीं तें मोठ्या हौसेनें आणलेलें असतें. आजोबांनीं चार दिवस तें कानांत घालून पाहिलें. परंतु तें मधूनमधून शिटी वाजवूं लागलें, बोलण्यापेक्षां शिटीच अधिक ऐकूं येऊं लागली, शेजारीं बसलेल्यांनाहि ती ऐकूं जाऊन मुलें हसूं लागलीं. आणि पांचव्या दिवशीं आजोबांनीं कोणास कांहीं न बोलतां तें काढून डबींत ठेविलें. घरच्यांची समजूत अशी होते कीं, यंत्र बिघडलें. आजोबांची समजूत अशी होते कीं, आपल्याला आतां ऐकूं येण्याची आशा उरली नाहीं. या दोन्ही समजुती बहुतेक वेळां चुकीच्या असतात, आणि त्या चुकीपायीं एक शहाणें, अनुभवी माणूस भरल्या घरांत एकटें पडतें.

यंत्र शिटी वाजवितें तें बहुधा बिघडल्यामुळें नव्हे. उलट तें जोरानें काम करीत असल्याचीच ती खूण असते. फक्त त्यानें बाहेर टाकलेल्या आवाजाचा एक लहानसा अंश, ज्या वाटेनें परत यावयास नको त्या वाटेनें, परत येत असतो. लग्नाच्या मांडवांत अथवा गणेशोत्सवांतील व्याख्यानाच्या वेळीं वक्ता तोंड उघडतो न उघडतो तोंच कर्णा किंचाळूं लागतो, त्याचेंहि कारण हेंच. आणि नवल असें कीं, मनगटावरील घड्याळ बिनचूक चालतें, रेडिओवर हवें तेंच केंद्र लागतें, टेलिफोनवरून हजार कोसांवरील मुलाचा आवाज मुलाचाच वाटतो, या साऱ्यांचें मूळहि त्याच परत फिरलेल्या अंशांत आहे. तो अंश किती, केव्हां आणि कोणाच्या बाजूनें परत येतो, यावर सर्व कांहीं अवलंबून असतें. हें कसें घडतें, तें या महिन्याच्या चर्चेंत सांगण्याचा विचार आहे.

दुर्बळाच्या हातीं सबळाची दोरी

प्रथम, आवाज मोठा होतो म्हणजे काय होतें, तें पाहूं. पाटाच्या पाण्यास एक लांकडी दार बसविलें आहे, अशी कल्पना करा. दहा वर्षांच्या मुलानें तें दार चार बोटें वर उचललें तर पाण्याचा लोंढा शेतांत शिरतो, आणि खालीं सोडलें तर थांबतो. लोंढ्याचें बळ मुलाचें नव्हे. तें वरच्या तळ्यांतील पाण्याचें. मुलानें फक्त किती पाणी जावें, तेवढें ठरविलें. ज्यास इंग्रजींत अँप्लिफायर व मराठींत विवर्धक म्हणतात, तो याहून निराळें कांहीं करीत नाहीं. क्षीण आवाजाला ओढूनताणून तो मोठा करीत नाहीं. बॅटरींतील सबळ प्रवाहाला त्या क्षीण आवाजाच्या तालावर हालावयास लावितो. बॅटरी संपली कीं विवर्धकहि मुका होतो, तो यामुळेंच.

विजेच्या प्रवाहास असें दार बसविण्याची युक्ति प्रथम कांचेच्या निर्वात नळींत साधली. अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यानें १९०६ सालीं तीन अग्रांची नळी केली. तिचेंच पुढील रूप आपल्याकडे रेडिओचा व्हॉल्व्ह म्हणून ओळखलें गेलें. परंतु ही नळी तापवावी लागे, जागा फार अडवी, वीज फार खाई, आणि दिव्याप्रमाणें केव्हां तरी जळून जाई. १९४७ सालच्या डिसेंबर महिन्यांत न्यू जर्सींतील बेल प्रयोगशाळेंत जॉन बार्डीन व वॉल्टर ब्रॅटन यांनीं जर्मेनियमच्या एका तुकड्यावर सोन्याचीं दोन टोंकें अगदीं जवळजवळ टेकवून तेंच काम कांहींहि न तापवितां करून दाखविलें. त्या महिन्याच्या २३ तारखेस प्रयोगशाळेच्या वरिष्ठांसमोर त्या तुकड्यामार्फत मनुष्याचा आवाज मोठा करून ऐकविण्यांत आला. त्यांचे सहकारी विल्यम शॉक्ली यांनीं लवकरच अधिक टिकाऊ अशा थरांच्या रचनेची कल्पना मांडली, आणि तिघांनाहि १९५६ सालचें भौतिकशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. या वस्तूस ट्रान्झिस्टर हें नांव त्याच प्रयोगशाळेंतील जॉन पियर्स यांनीं सुचविलें. आपल्याकडे मात्र तें नांव आंतील इवल्याशा तुकड्यापुरतें न राहतां साऱ्या रेडिओलाच चिकटलें, आणि ट्रान्झिस्टर म्हणजे खांद्याला अडकवून शेतावर न्यावयाचा रेडिओ, असा अर्थ गांवोगांव रूढ झाला.

आज सर्वत्र वापरला जाणारा ट्रान्झिस्टर सिलिकॉनचा असतो. हें मूलद्रव्य वाळूंत विपुल आहे. शुद्ध स्थितींत तें विजेला फारशी वाट देत नाहीं. त्यांत फॉस्फरसचा लेश मिसळला म्हणजे मोकळे इलेक्ट्रॉन वाढतात. बोरॉनचा लेश मिसळला म्हणजे, उलट, इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा वाढतात. पहिल्या जातीच्या दोन थरांमध्यें दुसऱ्या जातीचा एक अत्यंत पातळ थर घातला कीं ट्रान्झिस्टर झाला. एका बाजूचा थर इलेक्ट्रॉन सोडतो, त्यास उत्सर्जक म्हणूं. दुसऱ्या बाजूचा ते गोळा करतो, त्यास संग्राहक म्हणूं. आणि मधल्या पातळ थरास पाया म्हणूं. पायांत थोडा प्रवाह दिला कीं उत्सर्जकांतून इलेक्ट्रॉनांची रीघ लागते. परंतु मधला थर इतका पातळ असतो कीं, शंभर निघाले तर त्यांतला एखादाच तेथें अडकतो. बाकीचे पलीकडे संग्राहकांत जाऊन पडतात. म्हणून पायाशीं एक भाग प्रवाह खर्चिला कीं संग्राहकांतून सुमारें शंभर भाग वाहतो. दारावरील मुलाचा हात तो हाच.

एक हिशेब मांडूं. नऊ व्होल्टची बॅटरी आहे. संग्राहकाच्या वाटेवर २२०० ओहमचा रोधक बसविला आहे. आणि पायाशीं इतका प्रवाह दिला आहे कीं संग्राहकांतून २ मिलिअँपिअर वाहत आहेत. रोधकावर ४.४ व्होल्ट खर्च होतात व संग्राहकाशीं ४.६ उरतात. आतां बोलण्यामुळें पायाच्या प्रवाहांत एक शतांश मिलिअँपिअरची भर पडली, तर संग्राहकाचा प्रवाह ३ मिलिअँपिअर होऊन तेथें केवळ २.४ व्होल्ट उरतील. तितकीच घट झाली तर प्रवाह १ मिलिअँपिअर होऊन ६.८ उरतील. पायाशीं झालेल्या कुजबुजीमुळें संग्राहकाशीं चार व्होल्टांहून मोठी हालचाल घडली.

या हिशेबांतील दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं, कोणी बोलण्यापूर्वींच दार अर्धें उघडें ठेविलें होतें. आवाजाची लाट वर जाते तशी खालींहि जाते; दार आधींच बंद असेल तर खालची लाट त्यास आणखी काय बंद करणार? अर्धा आवाज कापला जाऊन उरलेला घोगरा होईल. दुसरी गोष्ट ही कीं, पायाचा प्रवाह वाढला तेव्हां संग्राहकाचे व्होल्ट उतरले. म्हणजे आवाज मोठा झाला, पण उलटा होऊन बाहेर आला. या उलटापालटीचें पुढें काम पडणार आहे.

अंश अनुकूल बाजूनें परत आला तर

बाहेर आलेल्याचा कांहीं अंश पुन्हां आंत नेऊन सोडणें, यास इंग्रजींत फीडबॅक म्हणतात. आपण त्यास येथें परतावा म्हणूं. परतावा दोन प्रकारचा. आंत येणाऱ्या मूळ लाटेच्या बरोबरीनें चालणारा तो अनुकूल. तिच्या विरुद्ध जाणारा तो प्रतिकूल.

अनुकूल परताव्याचें गणित शाळेंतील मुलासहि करतां येईल. एक विवर्धक पन्नासपट करणारा आहे, आणि त्याच्या उत्पन्नाचा शंभरावा अंश आपण आंत परत नेतों. आंत एक भाग घातला, बाहेर पन्नास आले. त्यांचा शंभरावा अंश म्हणजे अर्धा भाग परत गेला. त्याचे बाहेर पंचवीस आले. त्यांतून पाव भाग परत गेला. त्याचे साडेबारा आले. अशी बेरीज करीत गेल्यास ती शंभराशीं येऊन ठेपते. म्हणजे पन्नासपटीचा विवर्धक फुकटांत शंभरपटीचा झाला. लोभ वाढून आपण शंभराव्याऐवजीं पन्नासावा अंश परत नेला, तर मात्र निराळेंच घडतें. पन्नासांतून एक परत गेला; त्याचे पुन्हां पन्नास; त्यांतून पुन्हां एक; आणि हें चक्र थांबण्याचें नांव घेत नाहीं. मूळ बोलणारा गप्प बसला तरी यंत्र बोलतच राहतें. परतावा याहूनहि थोडा अधिक असेल तर प्रत्येक फेरीस आवाज वाढत जातो, आणि बॅटरीच्या शक्तीची हद्द लागेपर्यंत वाढतो. त्यास आरंभ करून द्यावयास कोणी बोलावें लागतें असेंहि नाहीं. उष्णतेमुळें प्रत्येक तारेंतील इलेक्ट्रॉन सदैव चुळबूळ करीत असतात. तेवढी कुजबूज आरंभास पुरते.

मांडवांतील कर्णा किंचाळतो तो असा. कर्ण्यांतून निघालेला आवाज हवेंतून पुन्हां ध्वनिग्राहकांत, ज्यास आपण माइक म्हणतों त्यांत, शिरतो. आवाज एका सेकंदांत सुमारें ३४० मीटर जातो, कर्णा ३.४ मीटर दूर असेल तर परत यावयास सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. इतक्या वेळानें येऊन जो स्वर मूळ लाटेच्या नेमका जोडीस मिळतो, तोच प्रत्येक फेरींत बळावतो. बाकीचे मागें पडतात. म्हणून ती आरोळी गोंगाटासारखी नसून एका सुराची असते. उपायहि यावरून उघड आहे. माइक कर्ण्याच्या मागें न्यावा, वक्त्यानें तो तोंडाजवळ धरावा, आणि मग विवर्धन कमी करावें.

अनुकूल परताव्याचा हा गुण एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन विद्यार्थ्याच्या १९१२ सालीं प्रथम नीट ध्यानांत आला. तो त्या वेळीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकत होता. एकाच व्हॉल्व्हवर दूरदूरचीं केंद्रें ऐकूं येऊं लागलीं, हा एक लाभ. आणि परतावा वाढविला कीं तोच व्हॉल्व्ह स्वतः लाटा उत्पन्न करूं लागतो, हा दुसरा. हा शोध मूळ कोणाचा, याविषयीं त्याचा व डी फॉरेस्ट याचा तंटा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९३४ सालीं निकाल डी फॉरेस्टच्या बाजूनें लागला. तथापि इंजिनियरांच्या संस्थेनें आर्मस्ट्राँगला पूर्वीं दिलेलें पदक परत घेण्यास नकार दिला. त्या काळचे परताव्याचे रेडिओ फार बेतानें हाताळावे लागत. गुंडी थोडी अधिक पिळली कीं ऐकणारें यंत्रच लाटा सोडूं लागे, आणि आपला रेडिओ तर शिटी वाजवीच, पण शेजाऱ्याचाहि वाजवूं लागे.

झोपाळा आणि घड्याळ

जें मांडवांत संकट, तेंच मोजून मापून योजिलें तर साधन होतें. घरांतील झोपाळ्यास एक झोका देऊन सोडून दिलें, तर तो थोड्याच वेळांत मंदावतो. पण बसलेल्या माणसानें प्रत्येक फेरींत नेमक्या क्षणीं पायानें जमिनीस किंचित् रेटा दिला कीं तो हवा तितका वेळ हालत राहतो. किती वेगानें हालावें तें झोपाळ्याच्या कड्यांची लांबी ठरविते. रेटा फक्त झीज भरून काढतो.

विजेचा झोपाळा तारेचें वेटोळें आणि कंडेन्सर यांचा होतो. कंडेन्सरमध्यें सांठलेली वीज वेटोळ्यांतून धांवून दुसऱ्या बाजूस सांठते व पुन्हां माघारी येते. परंतु तारेच्या रोधामुळें हे हेलकावे लवकरच विरतात. त्यास ट्रान्झिस्टर जोडला व प्रत्येक हेलकाव्याचा अंश पायाशीं परत नेला, तर ट्रान्झिस्टर बॅटरींतून शक्ति घेऊन झीज भरून देतो. मात्र ट्रान्झिस्टर लाट उलटी करतो, हें वर सांगितलेंच आहे. म्हणून परत नेतांना वेटोळ्याच्या दुसऱ्या टोंकाकडून न्यावें लागतें. तेथें ती आणखी एकदां उलटते, आणि दोनदां उलटलेलें सुलट होतें. या मंडलास आंदोलक, इंग्रजींत ऑसिलेटर, असें म्हणतात.

नवा ट्रान्झिस्टर खरोखर शक्ति वाढवितो कीं नाहीं, याची खातरजमाहि याच मार्गानें झाली. वर सांगितलेल्या प्रयोगाच्या दुसऱ्याच दिवशीं, २४ डिसेंबर १९४७ रोजीं, त्या मंडलाचा आंदोलक करून पाहण्यांत आला. स्वतःची झीज भरून काढून जें हालत राहतें, तें घेतल्यापेक्षां अधिक देत असलेंच पाहिजे. याहून चोख पुरावा दुसरा नाहीं.

रेडिओंत हाच आंदोलक केंद्र निवडण्याचें काम करतो. सामान्य रेडिओंत सेकंदास दहा लाख कंपनांचें केंद्र ऐकावयाचें असल्यास आंदोलक चौदा लक्ष पंचावन्न हजारांवर चालवितात, आणि दोहोंच्या अंतरानें येणारी ४ लक्ष ५५ हजारांची लाट पुढें वाढवितात. केंद्र कोणतेंहि असो, अंतर तेंच राहतें. त्यामुळें पुढची रचना एकदांच नीट बसविली कीं भागतें. मनगटावरील घड्याळांत वेटोळ्याच्या जागीं स्फटिकाचा सूक्ष्म चिमटा असतो. तो सेकंदास ३२,७६८ वेळां कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळां निम्मी केली कीं बरोबर एक उरतो. तोच आपला सेकंद. मुलांनीं हा भागाकार स्वतः करून पाहावा.

अंश प्रतिकूल बाजूनें परत आला तर

आतां परताव्याचें दुसरें रूप पाहूं. वरवर पाहतां तें वेडेपणाचें वाटतें. कारण त्यांत एवढ्या खटाटोपानें मिळविलेली शक्ति आपण होऊन टाकून द्यावयाची असते.

अमेरिकेंत या टोंकापासून त्या टोंकापर्यंत टेलिफोन नेतांना वाटेंत ठिकठिकाणीं विवर्धक बसवावे लागत. प्रत्येक विवर्धक आवाज वाढवी तसा थोडा विकृतहि करी. आणि एकाची विकृति दुसरा वाढवी, दुसऱ्याची तिसरा. बेल प्रयोगशाळेंतील हॅरॉल्ड ब्लॅक हा तरुण इंजिनियर अनेक वर्षें निर्दोष व्हॉल्व्ह कसा मिळेल, या चिंतेंत होता. २ ऑगस्ट १९२७ रोजीं सकाळीं हडसन नदी ओलांडणाऱ्या लॅकावॅना नांवाच्या नावेंतून कामावर जात असतां त्यास उत्तर सुचलें, आणि तें त्यानें हातांतील न्यूयॉर्क टाइम्सच्या कोऱ्या जागेवर लिहून ठेविलें. उत्तर असें होतें कीं, निर्दोष व्हॉल्व्ह शोधूं नये. सदोष व्हॉल्व्हचें विवर्धन गरजेहून पुष्कळ अधिक ठेवावें, आणि उत्पन्नाचा ठराविक अंश उलटा करून परत आंत न्यावा. १९२८ सालीं त्यानें पेटंटसाठीं अर्ज केला; तें हातीं पडावयास १९३७ सालचा डिसेंबर उजाडला.

याचेंहि गणित पाहूं. विवर्धक दहा हजारपटीचा आहे. उत्पन्नाचा शंभरावा अंश विरुद्ध बाजूनें परत येतो. बाहेर ९९ भाग काढावयाचे असतील तर परत येणारा विरोध ०.९९ भागाचा, तो भरून काढून वर दहा हजारावा हिस्सा उरावा म्हणून आंत सुमारें एक भाग घालावा लागतो. म्हणजे दहा हजारपटीचा विवर्धक ९९ पटीचा राहिला. तोटा मोठा दिसतो. पण आतां व्हॉल्व्ह म्हातारा होऊन अथवा ट्रान्झिस्टर तापून त्याचें विवर्धन निम्म्यावर, पांच हजारांवर आलें, असें समजा. हिशेब केल्यास एकूण विवर्धन ९८ पट भरतें. आंतील यंत्र अर्धें निकामी झालें, आणि बाहेर शेंकडा एकाचाहि फरक पडला नाहीं. कारण एकूण परिणाम आतां लहरी ट्रान्झिस्टरवर अवलंबून नसून, परत येणारा अंश मोजून देणाऱ्या साध्या रोधकांवर अवलंबून आहे. आणि रोधक स्वभावानेंच स्थिर असतो. विकृतीचेंहि तसेंच. बाहेर जें मूळ आवाजासारखें नसेल, तें परत येऊन स्वतःलाच खोडून काढतें.

ट्रान्झिस्टरला या शिस्तीची गरज व्हॉल्व्हहूनहि अधिक आहे. बाजारांत मिळणाऱ्या बीसी ५४७ या अगदीं साध्या ट्रान्झिस्टरचें प्रवाहवर्धन ११० पासून ८०० पर्यंत कोठेंहि असूं शकतें. शिवाय तापमान एक अंशानें वाढलें कीं तोच प्रवाह वाहण्यास पाया व उत्सर्जक यांमध्यें सुमारें २ मिलिव्होल्ट कमी पुरतात. पायाचे व्होल्ट कायम ठेवून तापमान वीस अंशांनीं वाढूं दिलें, तर १ मिलिअँपिअरचा प्रवाह चौपटीहून अधिक होईल. वाढलेल्या प्रवाहानें ट्रान्झिस्टर आणखी तापेल, तापल्यानें प्रवाह आणखी वाढेल; हा उष्णतेच्या वाटेनें आलेला अनुकूल परतावाच, आणि त्याचा शेवट ट्रान्झिस्टर जळण्यांत होऊं शकतो. उपाय किती सोपा! उत्सर्जकाच्या वाटेवर १००० ओहमचा एक रोधक घालावा. १ मिलिअँपिअरनें त्यावर १ व्होल्ट चढतो. प्रवाह वाढूं लागला कीं हा व्होल्ट वाढतो, पाया व उत्सर्जक यांतील अंतर तितकेंच घटतें, आणि दार आपोआप ओढलें जातें. वीस अंशांच्या त्याच उन्हाळ्यांत आतां प्रवाह शेंकडा चारांच्या आसपासच वाढतो. त्या रोधकाच्या बाजूस एक कंडेन्सर जोडला म्हणजे बोलण्याच्या जलद लाटा त्यांतून निघून जातात, आणि विरोध केवळ उष्णतेमुळें हळूहळू होणाऱ्या बदलालाच होतो.

प्रतिकूल परताव्यास एक मात्र पथ्य आहे. तो वेळेवर पोंचला पाहिजे. स्नानाच्या वेळीं ऊन व गार पाण्याच्या तोट्या एकत्र सोडल्या, आणि मिश्रण लांब नळींतून येत असलें, तर काय होतें तें पुष्कळांच्या अनुभवाचें आहे. पाणी गार लागतें म्हणून आपण ऊन वाढवितों. तें पोंचेपर्यंत आणखी वाढवितों. मग एकाएकीं चटका बसतो. आपण गार वाढवितों. आणि थोड्या वेळानें पुन्हां कुडकुडतों. हेतु सुधारण्याचा, पण सुधारणा उशिरा पोंचल्यानें झोपाळा सुरू झाला. विवर्धकांतहि लाट अर्ध्या फेऱ्यानें मागें पडली कीं विरोधासाठीं पाठविलेला अंश नेमका साह्यास येऊन मिळतो, आणि विवर्धक शिटी वाजवूं लागतो. किती विलंब चालेल व किती चालणार नाहीं, याचा नियम हॅरी नायक्विस्ट यांनीं १९३२ सालीं घालून दिला.

कानांतील यंत्राचा न्याय

एवढी तयारी झाल्यावर श्रवणयंत्राच्या शिटीचा उलगडा करणें कठीण नाहीं. सामान्य ग्राहकाच्या हातीं ट्रान्झिस्टर जो प्रथम आला, तोच मुळीं श्रवणयंत्रांतून. १९५२ सालच्या डिसेंबरांत अमेरिकेंत ट्रान्झिस्टर असलेलें श्रवणयंत्र विक्रीस आलें. खिशांतला रेडिओ त्यानंतर दोन वर्षांनीं, १९५४ सालीं निघाला. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं बधिरांसाठीं जन्मभर केलेल्या कार्याचें स्मरण म्हणून, श्रवणयंत्रासाठीं ट्रान्झिस्टर वापरणाऱ्यांस स्वामित्वशुल्क माफ करण्यांत आलें होतें.

या यंत्रांत माइक व कर्णा यांमध्यें जेमतेम बोटभर अंतर असतें. यंत्र आवाजाचा दाब शंभरपट करीत असेल, आणि कानांतील साचा सैल असल्यानें त्याचा शंभरावा अंश फटींतून बाहेर येऊन माइकांत शिरत असेल, तर वरचें पन्नासाचें गणितच येथें शंभरानें घडतें, आणि शिटी सुरू होते. साचा घट्ट बसून केवळ हजारावा अंश निसटत असेल, तर तेंच यंत्र मुकाट्यानें काम करतें. म्हणून दोष बहुधा यंत्रांत नसून फटींत असतो.

यावरून घरच्यांनीं काय करावें, तें सांगतों. प्रथम डॉक्टरांकडून कान तपासून घ्यावा. कानांत मळ दाटला असेल तर आवाज पडद्याकडे न जातां त्यावर आदळून परत फिरतो. घरीं काडी अथवा पिन घालून तो काढण्याचा यत्न कदापि करूं नये. दुसरें, साचा पाहावा. वाढत्या वयानें माणूस वाळतें, कानाचा आकार बदलतो, आणि पूर्वीं घट्ट बसणारा साचा सैल पडतो. त्याची नळीहि कडक होऊन तडकते. श्रवणतज्ज्ञाकडून नवें माप घेवून साचा करवून घेण्यास नव्या यंत्राइतका खर्च येत नाहीं. तिसरें, यंत्र नीट आंतपर्यंत बसलें आहे कीं नाहीं, हें सुनेनें वा नातवानें पाहून द्यावें. थरथरत्या हातांस तें जमत नाहीं, आणि तसें सांगण्याचा वृद्धांस संकोच वाटतो. चौथें, शिटी थांबावी म्हणून केवळ आवाज कमी करून ठेवूं नये. त्यानें शिटी जाते खरी, पण तिजबरोबर ऐकणेंहि जातें. आणि यंत्र मुठींत धरलें असतां अथवा नातवंडानें गळ्यास मिठी मारली असतां शिटी वाजली, तर भिऊं नये. तळहातावरून व गालावरून आवाज परत फिरला इतकेंच. यंत्र जिवंत आहे, याची ती ग्वाहीच समजावी.

नव्या यंत्रांतून कोणता अंश परत येत आहे हें यंत्रच क्षणोक्षणीं ओळखतें, आणि तितकाच उलटा अंश आंत मिसळून त्यास खोडून काढतें. म्हणजे नको असलेल्या अनुकूल परताव्यावर प्रतिकूल परताव्याचा उतारा. त्यानें पुष्कळ साधतें. तरी साच्याची फट फार मोठी असेल तर त्याचाहि इलाज चालत नाहीं.

शास्त्रांतून नीतिपाठ काढूं नयेत, असें म्हणतात. तरी या विषयांत तो मोह आवरत नाहीं. जेथें प्रत्येक शब्दास नुसती री ओढली जाते, तेथें थोड्याच वेळांत एकाच सुराची आरोळी उरते. आणि जेथें मोजका विरोध वेळेवर व घरच्याच माणसाकडून मिळतो, तेथें शक्ति थोडी कमी झाली तरी बोल खरा राहतो. एकत्र कुटुंबांत असा मोजका विरोध बहुधा वडील माणसाकडूनच येत असतो. त्यास ऐकूं आलें, तरच तो येणार. म्हणून कपाटांतील ती डबी या महिन्यांत एकदां उघडून पाहावी, इतकीच वाचकांस विनंति आहे.